सही कुणाची चालते?

एप्रिल उजाडला की आमच्या धक्क्यावर प्रोजेक्टवाले यायला लागतात. पाऊस लागायच्या आत जमेल तेवढा माल काढून घ्यायचा म्हणून त्याच दिवसांत कामाची रेटारेटी असते आणि नेमकी त्याच दिवसांत कॉलेजांना सुट्टी असते. गेटवर त्यांना पास मिळतो, डोक्याला पिवळं हेल्मेट मिळतं. (आमच्या टोळीनं हेल्मेट मागून मिळेपर्यंत तीन वर्षं गेली. ह्यांना पहिल्या दिवशी.) मग एखादा ज्युनिअर ऑफिसर त्यांना फिरवतो. क्रेन दाखवतो, वजनकाटा दाखवतो, गोदाम दाखवतो, आणि मग आम्हाला दाखवतो. ‘ये लेबर है.’

पोरांनी येऊच नये असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर ह्या अंकाचे शिकलेले वाचक म्हणायचे, हमाल कवी झाला आणि विद्यापीठाच्या अंगावर धावून गेला. मी मॅट्रिकला थांबलो त्याला कारणं आहेत, ती इथं काढत नाही. पण पुस्तकाशी माझं वैर नाही. माझं भांडण वेगळं आहे. कामाच्या जागेवर विद्यार्थी येतो तेव्हा त्याचा यजमान कोण, तो कुणाचं काय उचलून नेतो, आणि शेवटी कागदावर सही कुणाची चालते, एवढंच भांडण.

दोन वर्षांमागची गोष्ट. मॅनेजमेंटचा एक पोरगा आला, दोन महिन्यांच्या प्रोजेक्टवर. त्याचं नाव सांगत नाही, कंपनीचंही सांगत नाही. एक तर माझ्या पोटाचा प्रश्न आहे, आणि दुसरं म्हणजे हे काय एकाच कंपनीचं दुखणं नव्हे. पोरगा स्वभावानं चांगला. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना ‘काका’ म्हणायचा, मला ‘भाऊ’. दुपारी आमच्यात बसून त्यानं भाकरी-सुकट खाल्लं, नाक मुरडलं नाही. हातात मोबाईल, मोबाईलात घड्याळ. गोणीला पहिला हात लागला की दाबायचा, ट्रकचं फाळकं लागलं की दाबायचा. दोन महिने त्यानं आमचा एकेक श्वास असा मोजला.

एकदा मला विचारलं, ‘भाऊ, एक ट्रक भरून झाला की दुसऱ्याला हात लावेपर्यंत तुम्ही किती वेळ बसता?’

म्हटलं, ‘घाम सुकेपर्यंत.’

त्यानं लिहिलं, ११ मिनिटं.

तो गेल्यावर चार-पाच महिन्यांनी कंत्राटदाराच्या टेबलावर मला तो रिपोर्ट बघायला मिळाला. स्पायरल बाइंडिंग, वर कॉलेजचा शिक्का, आत रंगीत आलेख. इंग्रजीत होता, पण अडखळत का होईना मी वाचला. आमची नावं त्यात नव्हती. कामगार अ, कामगार ब, कामगार क. मी ‘फ’ होतो असं हिशेबावरून वाटतं. आमच्या त्या ११ मिनिटांना त्यानं ‘अनुत्पादक वेळ’ असं नाव दिलं होतं. आणि शेवटच्या पानावर शिफारस : हा वेळ आटोक्यात आणला तर १२ जणांची टोळी १० जणांत भागेल. पुढं आभार. मॅनेजरचे, एच. आर.च्या बाईंचे, गाईडचे, आई-वडिलांचे. ज्यांच्यात बसून सुकट खाल्लं त्यांचे नाहीत.

दिवाळी झाली आणि टोळी १० ची झाली. कुणी विचारायला गेलं की कंत्राटदार म्हणायचा, ‘मी नाय रे काढलं, कॉलेजचा रिपोर्ट हाय.’ काढलेले दोघं कोण? एक आमच्या बौद्धवाडीतला, एक मिरकरवाड्याचा मुसलमान. कंत्राटदाराच्या भावकीतले सगळे जागच्या जागी. घड्याळाला जात नसते म्हणतात. नसेल. पण घड्याळात निघालेला आकडा ज्याच्या टेबलावर जाऊन पडतो त्याला असते.

त्या पोराला मी शत्रू मानत नाही. त्याला बिचाऱ्याला मार्क हवे होते. त्याच्या अभ्यासाच्या पुस्तकातला एक धडा त्यानंच मला वाचून दाखवला होता, मोठ्या कौतुकानं. अमेरिकेत बेथलहेम म्हणून गाव, तिथला पोलादाचा कारखाना, साल १८९९. टेलर नावाच्या साहेबानं तिथं कच्च्या लोखंडाचे ठोकळे वॅगनीत भरणाऱ्या मजुरांमागं घड्याळ लावलं. एकेक ठोकळा ९२ पौंडांचा, म्हणजे आपले ४२ किलो. आमच्या गोणीपेक्षा जरा हलका. आधी एक माणूस दिवसाला साडेबारा टन भरायचा. टेलरनं एकाला निवडला, कधी उचल, कधी चाल, कधी बस ते सगळं साहेबाच्या हुकमावर, आणि त्याच्याकडनं ४७ टनांच्या वर भरून घेतले. मजुरी १ डॉलर १५ सेंटची १ डॉलर ८५ सेंट झाली. म्हणजे ओझं जवळजवळ चौपट आणि पैसा दीडपटीच्या थोडा वर. हे १९११ साली टेलरनं पुस्तकात छापलं आणि आजतागायत जगभरची मॅनेजमेंटची पोरं ते पाठ करतात.

त्या पुस्तकात मजुराचं नाव श्मिट असं दिलंय. ते खरं नाव नव्हे. खरा माणूस हेन्री नोल. टेलरनं त्याचं नाव बदललं आणि वर लिहून ठेवलं की असलं काम करणारा माणूस बुद्धीनं बैलाच्या जवळपासचा असावा लागतो. आणि हाच बैल कामावर यायच्या आधी सकाळी आणि कामावरून सुटल्यावर संध्याकाळी स्वतःच्या तुकडाभर जागेवर घराच्या भिंती उभारत होता, हेही त्याच टेलरनं त्याच पुस्तकात लिहिलंय! साहेबाला एका पानावरचं दुसऱ्या पानावर आठवत नाही, एवढीच त्याची शास्त्रीय पद्धत.

नाव पुसणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. आपल्याच जिल्ह्यातलं बघा. रमाईचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहायचे. हे आपल्याला माहीत आहे ते रमाईमुळं. त्यांच्या बरोबरीनं त्याच धक्क्यावर टोपल्या वाहणारे बाकीचे कोण होते, टोपलीमागं त्यांना काय मिळायचं, कुणाच्या मानेचा मणका गेला, हे कुणी लिहून ठेवलेलं माझ्या तरी वाचण्यात नाही. अ, ब, क, ड.

आता कुणी म्हणेल, म्हणजे अभ्यासच नको. असं म्हणणाऱ्यानं आपल्या बापाचा अभ्यास आठवावा. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातींच्या उगमावर निबंध वाचला तोसुद्धा विद्यार्थ्यानं सेमिनारात वाचलेला निबंधच होता. फरक एवढाच की ज्याच्यावर अभ्यास व्हायचा तोच अभ्यास करायला उभा राहिला होता. आणि पुढच्याच वर्षी, १९१७ च्या सप्टेंबरात, एवढं सगळं शिकून आलेला हा माणूस बडोद्याला महालेखापालाच्या कचेरीत उमेदवार म्हणून रुजू झाला. उमेदवार म्हणजे काम शिकायला ठेवलेला. आजच्या भाषेत ट्रेनी. त्या कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकायचे. राहायला जागा कुणी देईना म्हणून पारशी खानावळीत नाव लपवून राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या पारशांनी तिथूनही बाहेर काढलं. तेव्हा सरकारी कचेरीत शिकायला जाणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आपल्या घराण्यात ते आहे.

शंभरावर वर्षं झाली. आता फायली फेकत नाहीत. आमच्या वाडीतला एक पोरगा गेल्या साली एका सरकारी कचेरीत ट्रेनिंगला होता. पहिल्या दिवशी साहेबानं नाव विचारलं. पोरानं नाव आणि बापाचं नाव सांगितलं. ‘आडनाव?’ गावाचं नाव लावतो तो, साहेबाला पत्ता लागेना. ‘वाडी कुठली?’ वाडी सांगितली. मग साहेब ‘अच्छा अच्छा’ म्हणाले आणि पोराला आवक-जावकच्या खोलीत बसवलं. सगळे दिवस तिथंच. टपालावर शिक्के मारले, झेरॉक्स काढल्या, एकदा साहेबांच्या मुलीच्या शाळेचा फॉर्म भरला. त्याच्याबरोबर आलेल्या दुसऱ्या पोराला लेखा शाखेत बसवलं आणि कॉम्प्युटरवर बिलं कशी पास होतात ते शिकवलं. दोघांच्या सर्टिफिकेटावर मजकूर एकच. समाधानकारक.

मुद्दा इथं आहे. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे. १९७३ साली त्यात दुरुस्ती होऊन कलम ३-अ आलं : अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ठरलेल्या ट्रेडमध्ये शिकाऊ जागा राखून ठेवायच्या. २०१९ च्या नियमदुरुस्तीनं तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं सक्तीचं झालं, कंत्राटी माणसं धरून. पगार म्हणा, विद्यावेतन म्हणा, ते द्यावं लागतं. कायदा धड पाळतात असं नाही, त्यात कामगाराचे हक्कही नाहीत, कलम १८ सरळ सांगतं की अप्रेंटिस हा शिकाऊ आहे, कामगार नव्हे. पण निदान एक दार आहे आणि दारावर आपला आकडा लिहिलेला आहे. भांडायला कलम आहे.

ह्या प्रोजेक्ट नावाच्या दाराला काय आहे? काही नाही. राखीव जागा नाही, यादी नाही, बोर्डावर नोटीस नाही, विद्यावेतनाची सक्ती नाही. मामाचा फोन आहे. आणि आता ह्याच दारातनं सगळ्यांना हाकललं जातंय. २०२० चं नवं शैक्षणिक धोरण आलं, २०२३ पासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी ते लावायला घेतलं, आणि एम.ए., एम.कॉम.च्या पहिल्याच वर्षात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ नाहीतर ‘फील्ड प्रोजेक्ट’ येऊन बसलं. चार क्रेडिट. एका क्रेडिटचे ३० तास, म्हणजे १२० तास कुठंतरी काम करून सर्टिफिकेट आणायचं. कुठं? ते ज्याचं त्यानं बघायचं. मुंबई-पुण्यात हापिसं ढिगानं आहेत. रत्नागिरीत कंपन्या बोटावर मोजण्याएवढ्या आणि त्यांच्या गेटवर उभी राहिलेली पोरं शेकड्यानं. मग दार कुणाला उघडतं ते मी सांगायला नको. प्रवेशाला आरक्षण, शिष्यवृत्ती, सगळं पार करून पोरगी एम.कॉम.पर्यंत येते आणि पहिल्याच वर्षी पुन्हा ‘तुमची ओळख कुणाची?’ ह्या उंबऱ्यावर येऊन उभी राहते. घटनेनं जे पुढच्या दारानं दिलं ते मागच्या दारानं काढून घेण्याचा हा प्रकार आहे, आणि आपल्या विद्यार्थी आघाड्या वसतिगृहाच्या जेवणावर मोर्चे काढताना ह्यावर एक शब्द बोलत नाहीत.

सरकारनं २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. कचेऱ्यांत आणि कंपन्यांत सहा महिने काम शिका, बारावीवाल्याला महिना ६,०००, आय.टी.आय. नाहीतर डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीवाल्याला १०,०००. नंतर मुदत पाच महिन्यांनी वाढवली. मुदत संपल्यावर पुढं काय, म्हणून हीच पोरं आंदोलनाला बसली. पैसे मिळाले हे चांगलंच, मी नावं ठेवत नाही. पण जे शिकतायत त्यांना ती नव्हती, शिक्षण चालू असलेला चालत नव्हता. आणि मॅट्रिकवाल्याला तर दारच नाही. आम्ही बहुतेक शिकून झालेले!

आमच्याच टोळीतल्या एकाची पुतणी एम.कॉम.ला आहे. चुलता जिथं १८ वर्षं गोणी उचलतोय त्याच कंपनीत तिनं ट्रेनिंगसाठी अर्ज केला. ‘मेल करा’ म्हणाले. मेल केली. ‘ह्या वर्षी घेत नाही’ म्हणाले. त्याच महिन्यात एका ऑफिसरची भाची वर एसीत बसून ट्रेनिंग करत होती, हे पोरीला चुलत्यानंच सांगितलं. चुलत्याला वाटलं होतं आपली १८ वर्षं म्हणजे ओळख. हमालाची ओळख गेटच्या बाहेरपर्यंत चालते, आत चालत नाही. दुसरी एक जागा मिळत होती ती तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. एस.टी.चा पास कॉलेजच्या रस्त्याचा. २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालंय खरं, पण रोज दोन गाड्या बदलून अर्धं तिकीटसुद्धा घरात जमेना, आणि तिथं एक पैसा मिळणार नव्हता.

मग तिनं ठरवलं, ट्रेनिंग नको, फील्ड प्रोजेक्ट करते. विषय आमची टोळी. मी म्हटलं, त्या ११ मिनिटांचा कर.

ती गेटच्या आत येऊ शकत नव्हती. बाहेरच्या चहाच्या टपरीवर बसायची. पाळी सुटली की आम्ही तिथं जायचो, ती विचारायची, आम्ही सांगायचो. आतलं मोजायचं काम माझ्याकडं. कुठं काय, किती लांब, मी पावलं मोजून आणायचो. तेव्हा एक गोष्ट उलगडली जी दोन वर्षांत आम्हालाही नीट कळली नव्हती. पाण्याचा नळ ऑफिसच्या अंगाला आहे. ट्रक लागतो तिथून २१० पावलं. जायचं, रांगेत थांबायचं, प्यायचं, तोंडावर मारायचं, यायचं. ११ मिनिटांतली सात मिनिटं ह्यातच जातात. बसणं असतं ते चार मिनिटांचं. घड्याळवाल्या पोराला नळ दिसला नाही, कारण त्याची बाटली टेबलावर येत होती. त्याला ‘अनुत्पादक वेळ’ दिसला तो आमचं पाणी पिणं होतं.

तिनं हे सगळं मराठीत लिहिलं. पहिल्या पानावर टोळीतल्या सगळ्यांची नावं, काढलेल्या दोघांचीसुद्धा, आणि एकेकाची किती वर्षं ह्या कामात गेली ते. एका रविवारी विहारात तिनं ते वाचून दाखवलं. मिरकरवाड्याचा आमचा जोडीदारही आला होता. एक म्हातारा मधेच म्हणाला, ‘बाय, माझी तेवीस नाय, सव्वीस वरसा झाली,’ आणि तिनं तिथंच खोडून सव्वीस केलं. कुठल्या विद्यापीठात रिपोर्ट असा तपासला जातो?

कॉलेजात मात्र तो अडकलाय. गाईड म्हणतात, काम चांगलं आहे, पण यजमान संस्थेचं लेटरहेडवरचं पत्र पाहिजे. कंपनी कशाला पत्र देईल? आम्ही साध्या कागदावर लिहून दिलं : ही मुलगी आमच्याकडं १२० तास शिकली, आम्ही तिला शिकवलं. खाली सगळ्यांच्या सह्या, दोघांचे अंगठे. गाईड म्हणतात हे चालत नाही, हमालांची सही संस्था होत नाही.

का होत नाही? त्या पोराला गोणी उचलायची कशी, पाठ वाचवायची कशी, ट्रकचा तोल कुठल्या बाजूनं धरायचा हे सांगितलं कुणी? एच. आर.च्या बाईंनी? सगळं सांगितलं आम्ही, सही केली त्यांनी. विद्यार्थ्याला कामाची जागा दाखवणारा, समजावणारा, सांभाळणारा तो यजमान, हे धरून चाललो तर बंदरापासून कचेरीपर्यंत सगळीकडं यजमान शिपाई, हमाल, सफाईवाले, टंकलेखकच आहेत. विद्यापीठानं नोंदलेल्या कामगार संघटनेचं, माथाडी टोळीचं, मच्छीमार सोसायटीचं पत्र कंपनीच्या पत्राइतकंच धरलं पाहिजे. कंपनीत आणि कचेरीत घ्यायच्या विद्यार्थ्यांची यादी बोर्डावर लागली पाहिजे आणि अप्रेंटिस कायद्यासारख्या त्यात आपल्या जागा लिहिलेल्या पाहिजेत. विद्यावेतन पाहिजे, निदान गाडीभाडं. आणि ज्यांच्यावर रिपोर्ट लिहिला त्यांना तो आधी मराठीत वाचून दाखवल्याशिवाय मार्क मिळता कामा नयेत. ही शेवटची मागणी सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जड जाईल ती हीच.

तुम्हा शहरातल्या शिकलेल्यांना आणखी एक विचारायचं आहे. आपली पोरंही आता अशा प्रोजेक्टवर येतात. ओळखू येतात. आमच्याकडं एक आला होता, गळ्यातल्या चेनला निळा खडा, मला बघून त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं. दोन महिने माझ्याशी एक शब्द बोलला नाही. साहेबाबरोबर असताना तर अजिबात नाही. त्याची भीती मला कळते. वाडी कळली की आवक-जावकची खोली! पण १९५६ साली आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्यांबद्दल जे दुःख बोलून गेले त्यावर दर सहा डिसेंबरला मान हलवायची आणि धक्क्यावर आलं की बटण लावायचं, हे दोन्ही कसं जमतं ते मला कुणीतरी समजावून सांगा. मी मॅट्रिक आहे, सावकाश सांगा.

त्या पोरीच्या फाइलीची मुदत जून अखेरपर्यंत आहे. आम्ही कॉलेजला टोळीच्या वतीनं दुसरा अर्ज देतोय, ह्या खेपेला कॉलेजच्या गेटवर दहाच्या दहा जण जाऊन. पाळी बुडेल, हजेरी कापली जाईल, ते ठरलंय. तुमच्यापैकी ज्यांनी कुठल्या कंपनीत, कचेरीत, गिरणीत, बंदरात असे प्रोजेक्ट केले असतील त्यांनी आपापल्या रिपोर्टाची एक प्रत अंकाच्या पत्त्यावर धाडावी. इंग्रजीत असली तरी चालेल. मराठीत करून त्या त्या जागच्या कामगारांत वाचायचं काम माझं.